फिरंगेची मूठ : सेनासाहेबसुभा राघोजी भोसले यांच्या तलवारीच्या निमित्तानें

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत लंडन येथील सद्‌बी या लिलावगृहांत एक मराठी तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनानें सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपये वेंचून ती मिळविली, व त्याच सालच्या १८ ऑगस्ट रोजीं ती मुंबईस येऊन पोंचली. पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, सोन्याच्या पाण्यानें देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा लेख आहे. नागपूरकरांच्या घराण्याची वस्तु समुद्रापलीकडून परत आली याचा आनंद आम्हां नागपूरच्या रहिवाशांस विशेष झाला, हें सांगावयास नकोच.

या तलवारीविषयीं त्या वेळीं जें जें वाचावयास मिळालें, त्यांत लेखाची चर्चा होती, किंमतीची होती, पात्याचीही थोडीबहुत होती. मुठीविषयीं मात्र एखाददुसऱ्या ओळीपलीकडे कांहीं माझ्या वाचनांत आलें नाहीं. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, परमुलुखांत घडलेलें पातें ज्या ठिकाणीं मराठी शिपायाच्या हाताशीं जुळविलें गेलें, तें ठिकाण म्हणजे मूठ होय. पातें विकत मिळे. मूठ ज्याची त्यानें आपल्या पंजाप्रमाणें करून घ्यावी लागे. यास्तव मूठ हा केवळ अलंकार नसून तो एक पुरावा आहे. आणि या पुराव्याची हेळसांड इतर कोणाहीपेक्षां आपण संग्राहकच अधिक करीत आलों आहों.

तलवारीचें वर्णन

शासनानें प्रसिद्ध केलेल्या वर्णनाप्रमाणें या तलवारीचें पातें सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचें असून त्यावर मुठीजवळ तें घडविणाऱ्या युरोपीय कारखान्याचें नांव आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याची कोफ्तगारी आहे. मुसुम्यास हिरव्या रंगाचें कापड गुंडाळलेलें आहे. या शेवटच्या तपशिलाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पुढें त्याचें प्रयोजन पडणार आहे.

मुठीच्या अवयवांचीं नांवें नवीन वाचकांस अपरिचित असण्याचा संभव आहे, म्हणून तीं येथें सांगून ठेवितों. चार बोटें ज्याभोंवतीं मिटतात तो मधला दांडा म्हणजे मुसुमा. मुसुमा व पातें यांच्या सांध्यावर जो आडवा भाग, त्याचीं दोन्ही टोंकें म्हणजे ठोले. ठोल्यापासून निघून बोटांच्या पुढून वर जाणारी लोखंडी पट्टी ती परज. मुसुम्याच्या वरच्या टोंकास जी पसरट तबकडी, ती वाटी किंवा कटोरी. खांड्याच्या व फिरंगेच्या मुठींत वाटीच्याही वर एक लांबट दांडी निघते, तिला गज म्हणतात. परजेच्या व ठोल्याच्या आंतील अंगास कापूस भरून शिवलेलें जें अस्तर असतें, ती गादी.

राघोजी हे नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक. १७४० सालीं कर्नाटकच्या स्वारींत दमलचेरीच्या घाटांत अर्काटचा नबाब दोस्तअली यांच्या फौजेशीं लढतांना पडला. त्यानंतर बंगाल्यावरील स्वाऱ्यांचें दशक लागलें, व १७५१ च्या तहानें ओरिसा प्रांत आणि बंगालच्या चौथाईबद्दल सालीना १२ लक्ष रुपये राघोजींच्या पदरीं पडले. १७५५ च्या फेब्रुवारींत ते निवर्तले. शासनानें ही तलवार याच पहिल्या राघोजींची म्हणून नोंदली आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत धरिली पाहिजे. नागपूरच्या गादीवर राघोजी नांवाचे तीन पुरुष झाले. दुसरे १८१६ त व तिसरे १८५३ त वारले. आणि दुसऱ्या राघोजींसही सेनासाहेबसुभा हें पद होतें. म्हणजे नांव व पद हीं दोन्ही एकट्यानें निर्णय करीत नाहींत. अक्षरांचें वळण, पात्याचा घाट आणि मुठीची घडण हीं तिन्ही एकत्र पाहूनच बोलावें लागतें. मुठीचा अभ्यास हा शौकाचा विषय नसून निर्णयाचें एक साधन आहे, तें अशा वेळीं कळून येतें.

त्सरु

संस्कृत वाङ्मयांत मुठीस ‘त्सरु’ असा शब्द आहे, व अमरकोशानें तो खड्गादिकांच्या मुष्टीच्या अर्थीं दिला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आयुधागाराच्या प्रकरणांत खड्गांच्या जाती सांगितल्यावर त्सरु कशाचे करावे तेंही सांगितलें आहे: गेंड्याचें शिंग, म्हशीचें शिंग, हस्तिदंत, लाकूड आणि वेळूचें मूळ. या पांचांत धातु एकही नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. हे सर्व पदार्थ कोरतां, घासतां व तासतां येणारे आहेत. हाताच्या घामानें ते एकदम निसटत नाहींत, आणि उन्हांत लोखंडासारखे तापत नाहींत. वेळूच्या मुळाचा उल्लेख तर फारच बोलका आहे. त्याच्या पेरांच्या गांठी आपोआप बोटांस अडसर देतात. ज्या कोणीं ही यादी केली त्याला आयुधागाराच्या हिशेबाबरोबर शिपायाच्या तळहाताचीही जाणीव होती, असें मला वाटतें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गलक्षण सांगतांना पन्नास अंगुळें लांबीचें खड्ग उत्तम व पंचवीस अंगुळांचें कनिष्ठ ठरविलें आहे, आणि पात्यावरील व्रणांचीं शुभाशुभ फळें दिलीं आहेत. त्याची दृष्टि पात्यावर आहे, व पुढील लक्षणकारांचीही बहुधा तशीच राहिली. परंतु महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाच्या शिष्यांपैकीं कोण कशांत निपुण झाला हें सांगतांना नकुल व सहदेव यांस ‘त्सारुक’ म्हटलें आहे. तलवारबहाद्दरास तेथें नांव मिळालें आहे तें मुठीवरून. ज्याला मूठ साधली त्याला तलवार साधली, हा अनुभव या एका शब्दांत सांठविलेला आहे. आपल्या मराठींतही एखादी गोष्ट ‘हातीं बसली’ असें आपण म्हणतों, तें याच अनुभवाचें बोल आहे.

फिरंगेस मूठ कशी बसवीत

‘फिरंग’ हा शब्द फिरंग्यांच्या मुलुखांतून आलेल्या पात्यावरून पडला. सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीजांच्या व इतर युरोपीयांच्या व्यापारानें जर्मनी, इटली व स्पेन या देशांतील पातीं पश्चिम किनाऱ्यावर उतरूं लागलीं. हीं पातीं सरळ, सुमारें तीन फूट लांब, वजनाच्या मानानें ताठ आणि तरीही लवचिक असत. दक्षिणेंत त्यांस मोठी मागणी होती. छत्रपति शिवाजी महाराजांची म्हणून मानली गेलेली जी तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यांत कोल्हापूर दरबाराकडून इंग्लंडच्या युवराजास नजर झाली व आज इंग्लंडच्या राजसंग्रहांत आहे, तिचेंही पातें युरोपीय असून त्यावर ख्रिस्ती धर्मांतील तीन अक्षरांचें चिन्ह तीनदां उमटविलेलें आहे. आणि मूठ मात्र इकडील, रत्नजडित आहे. राघोजींची फिरंग ही अशा प्रकारें एका मोठ्या कुळांतील आहे.

आतां प्रश्न असा कीं, परदेशांतून पातें घेणारा शिपाई तिकडील मूठच कां घेत नव्हता? याचें उत्तर दोन्हीकडील तलवार चालविण्याच्या रीतींत आहे. युरोपांत त्या काळीं टोंकानें भोसकण्याच्या विद्येस महत्त्व आलें होतें. तींत मनगट मोकळें राहावें लागतें, तर्जनी ठोल्यावरून पुढें जाते, व मूठ लांबट लागते. आपल्याकडे मुख्य भर वार करून पातें ओढून घेण्यावर होता. घोड्यावरून असा वार करावयाचा तर मूठ पंजांत घट्ट अडकली पाहिजे, पातें लागतांच हातांत फिरतां कामा नये, आणि जोर मनगटांतून न येतां खांद्यांतून व कोपरांतून आला पाहिजे. यास्तव पातें परदेशी असलें तरी त्याला धरण्याची सोय इकडील रीतीची करून घेणें प्राप्तच होतें.

ही सोय करणें इकडील मुठीच्या घडणीमुळें फारसें अवघड नसे. युरोपीय तलवारींत पात्याचा मुठींत जाणारा चिंचोळा भाग मुठीच्या आरपार जाऊन वर ठोकून पक्का केलेला असतो. आपल्याकडे तो भाग आंखूड ठेवून पोकळ मुठींत घालीत, व पोकळींत लाख किंवा राळ, विटेच्या वस्त्रगाळ भुकटीबरोबर वितळवून, ओतीत. थंड झाल्यावर ती दगडासारखी घट्ट होई. शिवाय ठोल्याखालून निघणाऱ्या लोखंडी पट्ट्या पात्यास दोन्ही अंगांनीं आधार देत. लांब फिरंगेस तो आधार आवश्यकच असे. पुन्हां मूठ बदलावयाची झाल्यास ती तापवावी, लाख मऊ झाली कीं पातें निघून येई. म्हणजे एका पात्यास त्याच्या आयुष्यांत अनेक मुठी, व एका मुठीस अनेक पातीं, असा प्रकार सहज शक्य होता आणि तसा तो झालाही आहे. बापाची तलवार मुलानें घेतली, किंवा लुटींत मिळालेली तलवार नव्या धन्याकडे गेली, म्हणजे पातें तेंच राही; मूठ, निदान मुठीची गादी व वेष्टण, बदलत असे.

मुल्हेरचें नांव या संदर्भांत वारंवार येतें. हें बागलाणांतील किल्ल्याच्या पायथ्याचें गांव, आजच्या नाशिक जिल्ह्यांत आहे. बागुल राजांची ही राजधानी; रुद्रकवीनें या राजवंशावर ‘राष्ट्रौढवंश’ नांवाचें संस्कृत महाकाव्य शके १५१८ त, म्हणजे सन १५९६ त, त्यांच्याच आश्रयास राहून रचलें, व मुल्हेरास मयूरगिरि म्हटलें. तलवारीच्या मुठींच्या एका घाटास या गांवाचें नांव मिळालें, आणि तो घाट नागपूरकरांच्या फिरंगेवरही आढळतो. पात्याचें कूळ युरोपांत, मुठीचें बागलाणांत, आणि धनी नागपुरास: एका शस्त्रांत तीन मुलुख एकत्र आले आहेत.

हात आणि मूठ

मूठ हाताशीं जुळविणें म्हणजे नेमकें काय करणें, हें आतां पाहूं. हस्तलिखितांचा व्यासंग असणाऱ्या वाचकांस बोरूचें उदाहरण ताबडतोब पटेल. प्रत्येक लेखक आपल्या हाताच्या कलाप्रमाणें बोरू तिरपा छाटी. एकाचा बोरू दुसऱ्यानें घेतला तर अक्षर वळत नाहीं. शाई तीच, कागद तोच, परंतु टोंक आपल्या हाताचें नसेल तर मोडीचा वेग येत नाहीं. तलवारीच्या बाबतींत हीच गोष्ट जिवाशीं गांठ घालून येते.

पहिली जुळवाजुळव मुसुम्याच्या जाडीची. जाड मुसुम्याभोंवतीं बोटें पुरतीं मिटत नाहींत व पकड ढिली राहते. बारीक मुसुमा पंजांत फिरतो, आणि नखें तळहातांत रुततात. यास्तव मुसुमा मधोमध किंचित फुगीर ठेवीत, कीं तो फुगवटा तळहाताच्या खोलगट भागांत नेमका बसावा. लोखंडी मुसुमा बारीक वाटला तर त्यावर सूत किंवा कापड गुंडाळून तो भरीव करीत. राघोजींच्या फिरंगेच्या मुसुम्यावरील हिरव्या कापडाचें प्रयोजन मला असेंच वाटतें. नुसती शोभा हवी असती, तर जेथें सोन्याची कोफ्तगारी दिसावयाची तेथें ती कापडाखालीं कोण झांकील? कापडानें घाम शोषला जातो, पकड पक्की होते, थंडीत व उन्हांत लोखंडाचा स्पर्श चुकतो आणि जाडी हवी तेवढी वाढवितां येते. अर्थात् कापड झिजणारी वस्तु आहे व तें वेळोवेळीं नवें चढविलें जातें. म्हणून लेखाचा काळ तोच कापडाचा काळ असें धरून चालूं नये.

दुसरी जुळवाजुळव गादीची. रुंद परजेच्या मुठींत हात पिंजऱ्यांत घातल्यासारखा असतो. वार बसला कीं बोटांचीं पेरें परजेवर आपटतात. तीं सोलवटूं नयेत म्हणून आंत कापसाची गादी. ही गादी जाड-पातळ करून परजेच्या आंतील जागा मोठ्या किंवा लहान हातास पुरती करतां येत असे. तिसरी गोष्ट गजाची. दोन्ही हातांनीं वार करावयाचा झाल्यास डावा हात गजावर येतो. तलवार म्यानांत असतां त्यावर हात विसांवतो. एकाच मुठींत एकहाती व दोनहाती अशा दोन्ही पकडींची सोय करण्याची ही युक्ति साधी आणि मोठ्या उपयोगाची आहे.

इतर शस्त्रांतही हाच विचार दिसतो. कट्यारींत मूठ आडव्या दांडीची असून हात मिटला कीं पातें बोटांच्या पुढें सरळ रेषेंत येतें. दांड्या बहुधा दोन असतात, त्यायोगें ती पंजांत फिरत नाहीं. दांडपट्ट्यांत हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळींत जातो. आंत आडवी मूठ असते, मनगटाच्या वर पट्टा असतो, आणि खोळीस आंतून कापडाचें अस्तर असतें. येथें मनगट पूर्णपणें बांधलेलें असून सर्व काम दंडाचें आहे. पट्ट्याची खोळ ज्याच्या हाताला सैल असेल त्यानें तो फिरविण्याची कल्पनाही करूं नये. तोड्याच्या बंदुकीचा दस्ता इकडे सरळ व सडपातळ करीत, तेव्हां तोही धरण्याच्या इकडील रीतीसच अनुसरून. आणि आजच्या पिस्तुलांस पाहावें, तर त्यांतही मुठीच्या मागील पट्ट्या लहान-मोठ्या बदलतां येतात, लाकडाचे गाल हाताप्रमाणें तासून घेतां येतात, रबरी वेष्टण चढवितां येतें. कारखाना हजारों मुठी एका सांच्यांतून काढतो. परंतु हात कोणाचेच एका सांच्यांतून निघालेले नाहींत, म्हणून अखेर सोय करावीच लागते. वेळूच्या मुळापासून रबरापर्यंत पदार्थ बदलले, प्रश्न तोच राहिला.

एक गैरसमज

इकडील तलवारींच्या मुसुम्याची लांबी बहुधा पावणेतीन ते सव्वातीन इंच भरते. एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय लेखकांस ती अपुरी वाटली, व त्यावरून हिंदी लोकांचे हात फार लहान होते असें अनुमान निघालें. तें अनुमान आपल्याकडेही पुष्कळांनीं उचललें, व संग्रहालयांतून फिरतांना मार्गदर्शक मंडळी अजूनही कधीं कधीं तें सांगतात. माझ्या मतें तें टिकणारें नाहीं.

पहिलें कारण असें कीं, ज्या मुठी लहान त्यांचींच पातीं पुष्कळदां तीन फूट लांब व चांगलींच वजनदार आहेत. लहान हाताच्या माणसासाठीं तीं घडविलीं असतील हें संभवत नाहीं. दुसरें असें कीं, मोजणारे मुठींत हात घालतात तो युरोपीय रीतीनें, म्हणजे मनगट पुढें वळवून. त्या रीतीनें वाटी मनगटास टोंचते व हात मावत नाहीं. परंतु मनगट किंचित मागें ठेवून पंजा तिरका मिटला तर वाटी तळहाताच्या टांचेस टेंकते, बोटें ठोला व वाटी यांच्यामध्यें घट्ट धरलीं जातात, आणि हात व तलवार हीं एक होतात. वाटी टोंचते ती चुकीनें धरणारास. एका अर्थानें ती शिक्षकाचें काम करते. मनगट मोडून हात करूं नको, ओढून हात कर, असें ती प्रत्येक वाराला सांगते. तिसरें असें कीं, अंगाबरोबर बेतलेली चोळी पाहून कापड अपुरें पडलें असें कोणी म्हणत नाहीं. मूठ अपुरी नाहीं, बेतशीर आहे.

मी स्वतः शस्त्रविद्येंत पारंगत नाहीं. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला. परंतु आखाड्यांतील जाणत्यांकडून हा हात बसवून घेतल्यावर ज्या मुठी मला वीस वर्षें लहान वाटत होत्या त्याच एका संध्याकाळीं माझ्या हातांत बसल्या, हें मी अनुभवानें सांगतों. माझा हात त्या एका संध्याकाळांत लहान झाला नव्हता.

एक कबुली

वर म्हटलें आहे कीं हा पुरावा आपण संग्राहकच नष्ट करतों. याचें उदाहरण दुसऱ्या कोणाचें देण्यापेक्षां माझेंच देतों.

आमच्या घरीं खंडेनवमीस एक जुनी फिरंग पुजण्यांत येई. मी अठरा वर्षांचा असतां एका वर्षीं मोठ्या उत्साहानें ती साफ करावयास घेतली. परजेच्या आंतील गादी कुजकट, काळी पडलेली व उंदरांनीं कुरतडलेली होती. ती मीं ओढून काढली. वर मशरूचें फाटकें कापड, त्याखालीं जाडें भरडें, त्याखालीं कापसाचा थर, आणि करंगळीकडील बाजूस तो थर दुहेरी शिवलेला, एवढें मला आठवतें. मुसुम्यावर गुंडाळलेलें सूत चाकूनें कापलें. सगळें केरांत गेलें. लोखंड राखेनें व चिंचेनें घासून लखलखीत केलें, तेल लाविलें, आणि पाटावर तलवार मांडून वडिलांस दाखविली. त्यांनीं ती उचलली, क्षणभर हातांत धरली व परत ठेवली. ‘आजोबांची मूठ गेली,’ एवढेंच ते म्हणाले. रागावले नाहींत.

त्या शब्दांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं उमगला. माझे पणजोबा, म्हणजे वडिलांचे आजोबा, आखाड्यांत हात करीत. त्यांची उजव्या हाताची करंगळी अपघातानें आंखूड झाली होती, असें घरांत सांगत. करंगळीकडील तो दुहेरी थर त्या आंखूड बोटासाठीं शिवलेला होता, याविषयीं आज मला शंका वाटत नाहीं. आमच्या घराण्यांत त्या पुरुषाचें चित्र नाहीं, हस्ताक्षर नाहीं. त्याच्या देहाची एवढीच एक खूण शिल्लक होती, आणि ती मीं केरांत टाकली. पातें आजही आहे, चांगलें आहे. परंतु तें कोणाचेंही असूं शकेल.

संग्राहकांस विनंति

नागपूरच्या भोसल्यांची संपत्ति कशी विखुरली हें आपणांस ठाऊक आहे. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली व पुढील महिन्यांत राजधानी इंग्रजांच्या हातीं गेली. १८५३ त तिसरे राघोजी वारल्यावर डलहौसीनें राज्य खालसा केलें, आणि राजवाड्यांतील जवाहीर व दागिने कलकत्त्यास लिलावांत निघाले. परक्यांनीं नेलें त्याचें दुःख आपण करतों, व तें योग्यच आहे. परंतु नेलेली वस्तु कधीं काळीं परत येऊं शकते, राघोजींची फिरंग तशी आली. आपल्या हातांनीं घासून, उकरून, फेंकून दिलेलें मात्र कोणत्याही लिलावांत पुन्हां विकत मिळत नाहीं.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं किंवा देवघरीं जुनीं शस्त्रें आहेत त्यांस माझी कांहीं विनंति आहे. मूठ ढिली झाली तरी ती तापवून लाख काढूं नये. तीत पूर्वीच्या दुरुस्तीची साक्ष असते. गादी कितीही जीर्ण असो, ती ओढून काढूं नये. सुटलीच तर कापडाचे थर कोणत्या क्रमानें होते तें लिहून, कागदांत गुंडाळून, तलवारीबरोबर ठेवावी. कोफ्तगारी झिजली असेल तर नवी चढवूं नये. ती अंगठ्याखालीं झिजली कीं वाटीवर झिजली, यावरून तलवार चालविली गेली कीं नुसती मिरविली गेली तें कळतें. मोजमाप घेतांना पात्याची लांबी लिहून थांबूं नये. ठोला व वाटी यांमधील आंतलें अंतर, मुसुम्याचा मधला घेर, परजेच्या आंतील मोकळी जागा आणि गजाची लांबी, एवढीं चार मापें अवश्य नोंदावीं. पातें व मूठ हीं निरनिराळ्या काळचीं असूं शकतात, म्हणून दोहोंची नोंद निरनिराळी करावी. पात्यावरील लेख मुठीस आपोआप लागू करूं नये. अशीं मापें शेंदोनशें तलवारींचीं जमलीं, तर मुल्हेरी घाट, दक्षिणी घाट व उत्तरेकडील घाट यांत हाताचा बेत कसा बदलत गेला, हें प्रथमच अनुमानानें न बोलतां आंकड्यांनीं बोलतां येईल. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभें आहे व तेथें शस्त्रांचें दालन आहे. आरंभ तेथून करण्यास कांहींच हरकत नसावी.

दप्तरांचा अभ्यास करणाऱ्यांस हें नवें वाटूं नये. रुमाल सोडून कागद विषयवार लावले, रुमाल व त्यावरची चिठ्ठी टाकून दिली, म्हणजे कागद राहतात पण ते कोणाच्या घरचे, कोणाबरोबर बांधलेले, हें कायमचें नाहींसें होतें. पूर्वीच्या संशोधकांस ही चूक महागांत पडली व आतां आपण रुमालास हात लावितांना विचार करतों. तलवारीची गादी हा तिचा रुमालच होय.

राघोजींच्या फिरंगेवरील लेखानें धन्याचें नांव राखलें. परंतु नांव सोन्याचें असल्यानें तें राखण्यास प्रयास पडले नाहींत. मुसुम्यावरचें हिरवें कापड झिजकें, कदाचित् पुन्हां चढविलेलें, दिसावयास साधें; तरी त्याच्याखालीं हाताचा बेत आहे. पुढें कोणी या तलवारीची डागडुजी करील त्यानें त्या कापडास आधीं वंदन करावें आणि मग पात्याकडे वळावें.